गुलालाचा ठिपका आणि दहा टक्के

रॉकेट वर जाते, क्षणभर थबकते आणि खाली यायला लागते. हौशी रॉकेटचा उंचीचा विक्रम म्हणजे त्या थबकण्याच्या जागेची उंची. लांब उडीत वाळूत खूण उरते, भालाफेकीत गवतात भोक पडते. टेप लावली की काम झाले. आकाशात तसले काही उरत नाही. त्यामुळे या खेळात रॉकेट उडवणाऱ्याइतकेच महत्त्व मोजणाऱ्याला आहे, आणि भांडणे बहुतेक मोजणीवरूनच होतात.

छंद म्हणून हा खेळ 1950 च्या दशकात अमेरिकेत सुरू झाला. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावी बुटांचे दुकान चालवणाऱ्या ऑर्व्हिल कार्लाइलने आपल्या भावासोबत कागदी नळीचे, पुन्हा वापरता येणारे रॉकेट तयार केले. 1957 मध्ये तिथे या हौशी लोकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि 1972 मध्ये युगोस्लाव्हियातल्या व्रशात्स येथे पहिली जागतिक स्पर्धा भरली. जागतिक विक्रमांची नोंद विमानोड्डाणाच्या खेळांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘एफएआय’ ठेवते. तिची भारतातली सदस्य संस्था एअरो क्लब ऑफ इंडिया आहे.

दारूचे इंधन भरलेले रॉकेट भारतात स्फोटकांच्या कायद्याच्या कक्षेत येते आणि ते पाहणारे केंद्रीय खाते नागपुरात बसते. नगर जिल्ह्यात (2024 पासून अहिल्यानगर) आणखी एक अडचण आहे. मोकळे माळरान भरपूर, पण शहराजवळच्या खारे कर्जुने परिसरात लष्कराचे गोळीबाराचे मैदान आहे आणि त्या बाजूचे आकाश हौशी माणसाचे नाही. शाळांच्या आवाक्यात राहते ते पाण्याचे रॉकेट: शीतपेयाची दोन लिटरची बाटली, तिच्यात तिसरा हिस्सा पाणी आणि सायकलचा पंप. उंची काही दहा मीटरची असते, पण मोजणीचे सगळे प्रश्न तेवढ्यातही भेटतात.

सर्वात सोपी पद्धत दहावीच्या भूमितीत आहे. कोनमापकाला दोऱ्याने ओळंबा बांधायचा, वरच्या कडेला पेयाची नळी चिकटवायची, उड्डाणाच्या जागेपासून 100 मीटरवर उभे राहून नळीतून रॉकेट पाहायचे आणि उन्नत कोन वाचायचा. कोनाचा टॅन गुणिले 100, अधिक डोळ्याची उंची. पुस्तकात उदाहरण इथे संपते, कारण पुस्तकातला मनोरा सरळ उभा असतो. रॉकेट तसे राहत नाही. वारा असला की ते वाऱ्याच्या तोंडाकडे झुकते, आणि या जिल्ह्यात वारा किती असतो ते पारनेर तालुक्यातल्या सुप्याच्या पवनचक्क्या सांगतात. समजा, रॉकेट खरोखर 50 मीटर चढले, पण 20 मीटर निरीक्षकाकडे कलले. तो उंची साडेबासष्ट मीटर काढील. तेवढेच उलट दिशेला कलले तर बेचाळीसच्या आत. उड्डाण एक, माणूस एक, चूक कुणाचीही नाही आणि विक्रम वीस मीटरनी इकडेतिकडे. एका माणसाने मोजलेली उंची विक्रम म्हणून मान्य होत नाही, त्याचे कारण हे आहे.

म्हणून दोन माणसे लागतात. त्यांच्यात किमान 300 मीटरचे, नीट मोजलेले अंतर असते आणि दोघांकडे थिओडोलाइट असतो. दोघेही उन्नत कोनाबरोबर आडवा कोनही वाचतात, म्हणजे रॉकेट कुठेही कलले तरी त्रिकोण पुरा होतो. साइनच्या नियमाने दोघांपासूनची दोन अंतरे निघतात आणि त्यांवरून दोन उंच्या. हिमालयातले ‘शिखर 15’, म्हणजेच एव्हरेस्ट, असेच दूरवरच्या ठाण्यांवरून त्रिकोणांनी मोजले गेले, त्याची गणिते राधानाथ सिकदारांच्या हाताखालून गेली आणि 1856 मध्ये 29,002 फूट हा आकडा जाहीर झाला. आज एव्हरेस्टची उंची 8848.86 मीटर मानतात. जुन्या आकड्याहून जेमतेम 30 फूट जास्त. पण सिकदारांचे शिखर जागचे हलत नव्हते.

रॉकेट हलते, आणि काहीशे मीटरवर बोटाएवढी नळी दिसतही नाही. यावर काढलेला उपाय साधा आणि देखणा आहे. नळीत रंगाची पूड भरतात. शिखरबिंदूवर छोटा दारूचा भार पेटून हवाई छत्री बाहेर फेकली जाते आणि तिच्याबरोबर ती पूडही उधळते. निळ्या आकाशात लाल ठिपका उमटतो, गुलालाची मूठ फेकावी तसा. दोन्ही निरीक्षकांनी त्याच ठिपक्यावर, तो उमटताक्षणी दुर्बीण रोखायची असते. सेकंदाला सहा मीटर वारा असेल आणि एकाला ठिपका तीन सेकंद उशिरा सापडला, तर तोवर तो अठरा मीटर वाहून गेलेला असतो.

दोन उंच्या तंतोतंत सारख्या कधीच येत नाहीत. नियम असा आहे की दोन्ही आकडे त्यांच्या सरासरीच्या 10 टक्क्यांच्या आत असले पाहिजेत. तसे असले तर सरासरी ही अधिकृत उंची. एकाने 312 आणि दुसऱ्याने 286 मीटर काढले, तर सरासरी 299 आणि फरक साडेचार टक्क्यांच्या आत, म्हणजे उंची मान्य. एकाने 340 आणि दुसऱ्याने 270 काढले, तर फरक साडेअकरा टक्के. मग मोजणी जुळली नाही असा शेरा पडतो आणि ते उड्डाण, रॉकेटने काहीही केलेले असो, उंचीच्या हिशेबात धरत नाहीत. पापणी लवली निरीक्षकाची, शिक्षा उडवणाऱ्याला. तरीही हा नियम प्रामाणिक आहे. 45 अंशांच्या आसपास एका अंशाची चूक उंचीत साडेतीन टक्के घालते, हे तो लपवत नाही. 10 टक्के ही सूट नसून कबुली आहे.

या कटकटीवर दाबमापी उंचीयंत्राने तोडगा काढला. अंगठ्याएवढी पट्टी रॉकेटच्या पोटात बसते, हवेचा दाब सेकंदाला अनेकदा टिपते, त्याची उंची करते आणि खाली आल्यावर मीटरमध्ये आकडा दाखवते. ना दुर्बीण, ना गुलाल. आकडा एकच असल्याने न जुळण्याचा प्रश्नही मिटला. पण न जुळण्यातूनच चूक उघडी पडत होती; ती सोय गेली.

यंत्र उंची मोजत नाही, दाब मोजते. दाबाची उंची करताना ते प्रमाण वातावरण गृहीत धरते, ज्यात समुद्रसपाटीला तापमान 15 अंश असते. नगर शहर सुमारे 650 मीटरवर आहे. प्रमाण वातावरणात त्या उंचीला तापमान 11 अंशांच्या आसपास येते. म्हणजे यंत्राच्या हिशेबी नगरला बारा महिने डिसेंबरची पहाट असते. मे महिन्याच्या दुपारी पारा 40 वर असतो, हवा फुगून विरळ झालेली असते, आणि दाब एक मिलिबारने उतरायला 8.9 मीटरऐवजी सुमारे 9.8 मीटर चढावे लागते. यंत्र मात्र 8.9 च मोजते. खरे 330 मीटर गेलेले रॉकेट 300 दाखवते. पुन्हा तेच 10 टक्के, फक्त इथे कबुली नाही. पडद्यावर शेवटच्या मीटरपर्यंत ठाम आकडा असतो.

शंका असेल त्याने यंत्र घेऊन अकोले तालुक्यात जावे. 1646 मीटरचे कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर जिल्ह्यातच आहे. पायथ्याच्या बारी गावाकडून यंत्र शून्यावर लावून मे महिन्यात चढले, तर प्रत्यक्ष 800 मीटरच्या चढाला ते 730 च्या आसपास आकडा देईल. त्यात आणखी एक गफलत असते. आपल्याकडे हवेचा दाब रोजच सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत तीन-चार मिलिबारने उतरतो, आणि तेवढ्या वेळात यंत्र देवळाच्या पायरीवर नुसते ठेवले तरी तीसेक मीटर ‘चढते’. रॉकेटचे उड्डाण काही सेकंदांचे असल्याने हा दोष त्याला लागत नाही. अट एवढीच की शून्य उड्डाणापूर्वी लगेच धरलेला असावा, सकाळचा नको.

जीपीएस तापमानाच्या भानगडीत पडत नाही. ते उंची पृथ्वीच्या गणिती गोलापासून धरते, आणि पश्चिम महाराष्ट्रात समुद्रसपाटी त्या गोलाच्या साठ मीटरहून अधिक खाली आहे. दुरुस्ती न करणारे मोबाइलचे ॲप कळसूबाईच्या माथ्यावर 1600 सुद्धा दाखवत नाही, ते यामुळे. रॉकेटला जमिनीपासूनची उंची हवी असते, तिथे हा फरक वजा होऊन जातो. पण जोराच्या प्रवेगात ग्राहकयंत्राचा उपग्रहांशी संपर्क तुटू शकतो, आणि विक्रमाचा क्षण त्यानंतर थोड्याच सेकंदांत येतो.

यंत्र परीक्षकांनी तपासणे, त्याचा क्रमांक टिपणे, रॉकेट परत आल्यावर आकडा त्यांच्यासमोरच वाचणे हा नेहमीचा रिवाज. त्याहून मोलाचा असतो आलेख. शिखराच्या दोन सेकंद आधी रॉकेट शिखरापेक्षा सुमारे वीस मीटरच खाली असते. गुरुत्वाकर्षण त्याला तिथे घाई करू देत नाही. आलेखाचा माथा म्हणून गोल घुमटासारखा हवा. छत्री फेकली जाताना यंत्राच्या कप्प्यातला दाब क्षणभर गडबडला किंवा कप्प्याची भोके चुकीच्या जागी असली की माथ्यावर काटा उभा राहतो. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात चाळीस मीटरची उडी रॉकेटची नसते. विक्रम घुमटाचा धरावा, काट्याचा नाही.

चूक सांगण्याची रीत मोठ्या हौशी रॉकेटवाल्यांकडून घ्यावी. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी एप्रिल 2019 मध्ये ‘ट्रॅव्हलर-4’ उडवले आणि 3,39,800 फूट जाहीर केले, सोबत 16,800 फूट अधिक-उणे लिहून. सुमारे 103.6 किलोमीटर; अंतराळाची रेष 100 वर. उणे बाजू धरली तर रेष ओलांडलेलीच नाही. ती ओलांडल्याची खात्री 90 टक्के आहे, असे त्यांनी स्वतःच सांगितले. उरलेले 10 टक्के त्यांनी झाकले नाहीत.

शाळेच्या मैदानावरच्या बाटलीलाही हे जमते. दोन निरीक्षक, 300 मीटर नाही तर निदान 60 मीटरचे मोजलेले अंतर, पुडीभर गुलाल आणि पोटात यंत्र परवडत असेल तर तेही; निरीक्षकांचा आणि यंत्राचा आकडा वेगळा आला तर लहान तो धरावा. कागदावर उंचीशेजारी वेळ आणि सावलीतले तापमान लिहावे. तापमान न लिहिता आलेला यंत्राचा आकडा, तो कितीही मोठा असो, परत पाठवावा.