संशय नसला की प्रार्थना फळते?

ख्रिस्ती धर्मात प्रार्थनेविषयी जो वाद शतकानुशतके चालत आला आहे, त्याचे मूळ मार्ककृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात आहे. बेथानीहून यरुशलेमला जाताना येशूने फळ नसलेल्या एका अंजिराच्या झाडाला शाप दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते झाड मुळापासून वाळलेले दिसले. पेत्र या शिष्याने ते दाखवताच येशूने सगळ्या शिष्यांना सांगितले, की मनात शंका न धरता कोणी डोंगराला उपटून समुद्रात पडायला सांगितले तर तसे घडेल. प्रार्थनेत जे मागाल ते मिळालेच आहे असे धरून चाला, म्हणजे ते मिळेल. मत्तयाने हेच थोड्या फरकाने दिले आहे. याकोबाचे पत्र आणखी कडक आहे. संशय धरणारा माणूस वाऱ्याने हेलकावणाऱ्या लाटेसारखा असतो आणि प्रभूकडून काही मिळेल अशी आशा त्याने धरू नये, असे ते बजावते.

‘भाव तेथे देव’ म्हणणाऱ्या मराठी वाचकाला यात वावगे काही वाटणार नाही. संशय सोडा, मागितलेले मिळेल. अडचण येते ती हेच विधान उलटे फिरवल्यावर: मिळाले नाही, म्हणजे मागणाऱ्याच्या मनात कुठेतरी संशय होता. वाद खरा या दुसऱ्या विधानाचा आहे, कारण आजारी माणसाच्या उशाशी बसून उच्चारले जाते ते हेच.

वचनाचा सरळ अर्थ शेवटापर्यंत नेऊन दाखवला तो विसाव्या शतकातल्या अमेरिकेत. ई. डब्ल्यू. केन्यन (१८६७–१९४८) यांच्या लेखनात त्याची मांडणी झाली आणि केनेथ हेगिन (१९१७–२००३) यांनी ती घरोघरी पोहोचवली. टेक्सासमधल्या मॅकिनी गावचे हेगिन जन्मापासून हृदयविकाराने आजारी होते आणि ऐन किशोरवयात अंथरुणाला खिळले. त्यांनीच सांगितलेल्या हकिकतीनुसार, मार्कमधले हे वचन पुन्हा पुन्हा वाचताना त्यांच्या लक्षात आले, की बरे वाटल्यावर विश्वास ठेवायचा नसतो, तो आधी ठेवायचा असतो. तसा तो ठेवला आणि १९३४ मध्ये ते उठून चालू लागले. पुढे १९७४ मध्ये त्यांनी ओक्लाहोमा राज्यात ‘रेमा’ नावाची बायबल प्रशिक्षण संस्था काढली आणि तिथे शिकलेले पाळक देशोदेशी गेले. या शिकवणीचे सूत्र सोपे होते. मागा, मिळाले असे तोंडाने म्हणा आणि त्याविरुद्ध एक शब्दही काढू नका. दुखणे जाणवत असले तरी ते बोलून दाखवायचे नाही, कारण लक्षणांवर नव्हे तर वचनावर विसंबायचे. आरोग्यदानाच्या सभांमधून हीच भाषा आज भारतातही ऐकू येते.

ही शिकवण लोकप्रिय का झाली हे समजणे अवघड नाही. तिच्या मुळाशी बायबलचेच वचन आहे, आणि चर्चमध्ये ते अनेकदा नुसते वाचून सोडून दिले जाते. ‘देवाला जे बरे वाटेल ते’ एवढेच ऐकत आलेल्या माणसाला, मागण्याचा हक्क आहे असे कोणीतरी ठासून सांगितले, की धीर येतो. पण ही वचने ज्या ग्रंथात आहेत, त्याच ग्रंथातल्या कथा या हिशेबात बसत नाहीत.

‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा बारावा अध्याय पाहावा. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारले आणि त्यामुळे लोक खूश झालेले पाहून पेत्रालाही पकडले. तुरुंगावर चार-चार शिपायांच्या चार तुकड्यांचा पहारा. इकडे मंडळी त्याच्यासाठी कळकळीने प्रार्थना करत होती. त्या रात्री दोन साखळ्यांनी जखडलेला पेत्र दोन शिपायांच्या मधे झोपलेला असताना देवदूत आला, साखळ्या गळून पडल्या आणि शहराकडचा लोखंडी दरवाजा आपोआप उघडला. पेत्र थेट मार्कची आई मरिया हिच्या घरी गेला. बरेच लोक तिथे प्रार्थनेसाठी जमले होते. त्याने दार ठोठावले. रुदा नावाच्या मुलीने आवाज ओळखला, पण आनंदाच्या भरात दार न उघडताच ती आत धावली. पेत्र दारात उभा आहे हे ऐकून आतल्या मंडळींनी तिलाच वेड्यात काढले. ती हट्टाने तेच सांगू लागली, तेव्हा त्याचा देवदूत असेल, असे म्हणून त्यांनी तिची समजूत घातली. पेत्र बिचारा बाहेर ठोठावतच राहिला. अखेर दार उघडले तेव्हा सगळे थक्क झाले.

जे मागत होते तेच दारात येऊन उभे राहिले आणि मागणाऱ्यांचाच त्यावर विश्वास बसेना. निःसंशय विश्वास ही अट असती तर पेत्र तुरुंगातच राहायला हवा होता. याकोबासाठी मंडळीने प्रार्थना केली की नाही हे लेखक सांगत नाही. केली नसेल असे मानणे मात्र कठीण आहे. एकाच अध्यायात एक प्रेषित सुटतो आणि एक मारला जातो, आणि दोघांच्या विश्वासाचे मोजमाप कुठेही दिलेले नाही.

मार्कच्याच नवव्या अध्यायात फेपऱ्यासारखे झटके येणाऱ्या मुलाचा बाप भेटतो. आपला विश्वास आहे, पण अविश्वासही आहे आणि त्यातून बाहेर पडायला मदत हवी, असे तो रडत येशूला सांगतो. मुलगा बरा होतो. दुसरी बाजूही लपवण्याचे कारण नाही. आपल्याच गावी, नासरेथात, लोकांच्या अविश्वासामुळे येशूला फारसे चमत्कार करता आले नाहीत, असे मार्क नोंदवतो. परंतु नासरेथकरांचा अविश्वास म्हणजे मागताना मनात आलेली चलबिचल नव्हती. त्यांनी मुळात मागितलेच नाही. या सुताराला एवढे कुठून आले, म्हणून ते नाक मुरडून बसले. या दोन अविश्वासांत गल्लत केली, की पुढचा सगळा गोंधळ सुरू होतो.

विश्वासात काही कमी नसतानाही मागितलेले न मिळाल्याचे दाखले याहून ठळक आहेत. गेथशेमाने बागेत येशूने स्वतः दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली, आणि तो टळला नाही. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला ‘काटा’ दूर व्हावा म्हणून तीनदा विनवणी केली. उत्तर आले ते नकाराचे, सोबत कृपा पुरेशी असल्याचे आश्वासन. पौलाच्या नावाने असलेल्या पत्रांत त्याचा सोबती त्रफिम मिलेत येथे आजारी असल्यामुळे मागे ठेवलेला आहे, आणि तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला आहे. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायातली यादी तर मुद्दाम रचल्यासारखी वाटते. विश्वासाच्या बळावर काही जण तलवारीच्या धारेतून निसटले आणि काही तलवारीने मारले गेले, आणि शाबासकी दोघांनाही सारखीच.

मग त्या वचनांचे करायचे काय? जुन्या धर्मपंडितांनी ती इतर वचनांच्या शेजारी ठेवून वाचली. योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या ‘नावाने’ मागण्याची गोष्ट आहे, योहानाच्या पहिल्या पत्रात देवाच्या इच्छेनुसार मागण्याची. आणि याकोबाचेच पत्र पुढे सांगते, की चैनीसाठी मागितलेले मिळत नाही. रोमच्या पाडावानंतर आफ्रिकेत आश्रयाला आलेल्या प्रोबा या श्रीमंत विधवेला संत ऑगस्टीनने प्रार्थनेविषयी एक दीर्घ पत्र लिहिले. पौलाच्या काट्याचा दाखला देऊन त्याने तिला समजावले, की मागितलेले न देण्यातही देवाची दया असू शकते. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने नेमक्या अटी मांडल्या. माणूस स्वतःसाठी, तारणाला आवश्यक असलेले, भक्तिभावाने आणि चिकाटीने मागत असेल तर ते खात्रीने मिळते. प्रार्थनेने देवाचा बेत बदलत नाही. काही गोष्टी प्रार्थनेच्या वाटेनेच द्यायच्या, हेच त्या बेतात असते, असे त्याचे म्हणणे. प्रॉटेस्टंट सुधारकांनी विश्वासावर अधिक जोर दिला, तरी हमीची भाषा त्यांनाही पेलली नाही. १५४० मध्ये वायमार येथे मरणाच्या दारात असलेल्या सहकारी मेलांखथॉनसाठी मार्टिन ल्यूथरने देवाला त्याची वचने ऐकवून प्रार्थना केली, आणि मेलांखथॉन उठला. दोनच वर्षांनी ल्यूथरची तेरा वर्षांची मुलगी माग्दालेना आजारी पडली. प्रार्थना करणारा तोच होता. ती त्याच्या हातांत गेली.

अटींचा हा मार्ग व्यवहारात चालतो, पण त्यात एक खोट आहे. ‘देवाची इच्छा असेल तर’ एवढी जोड दिली, की कोणतेही वचन कधीच खोटे ठरत नाही आणि त्यात फारसे काही उरतही नाही. ही खोट प्रामाणिकपणे बोलून दाखवली ती लेखक सी. एस. लुइस यांनी. १९५३ मध्ये ऑक्सफर्डच्या धर्मगुरूंपुढे वाचलेल्या निबंधात त्यांनी प्रार्थनेचे दोन नमुने समोरासमोर ठेवले. एक गेथशेमानेचा, ज्यात मागणे देवाच्या इच्छेवर सोपवलेले असते. दुसरा मार्कमधला, ज्यात मिळणारच याची पक्की खात्री हवी. माणसाने एकाच वेळी दोन्ही कसे करायचे? काही सूचना करून पाहिल्यावर लुइस यांनी उत्तर सापडत नसल्याचे कबूल केले आणि प्रश्न धर्मगुरूंच्याच पुढ्यात टाकला. चार वर्षांनी तो प्रश्न त्यांच्या घरात शिरला. कर्करोगाने खाटेला खिळलेल्या जॉय डेव्हिडमन यांच्याशी १९५७ मध्ये त्यांचा इस्पितळातच धार्मिक विधीने विवाह झाला आणि धर्मगुरू मित्राने हात ठेवून प्रार्थना केली. जॉय खरोखर उठून हिंडू-फिरू लागल्या. जुलै १९६० मध्ये त्या वारल्या.

प्रार्थनेवरच संस्था चालवणाऱ्यांचा अनुभव या वादात नेहमी पुढे केला जातो. त्यात पहिले नाव ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांचे. १८३६ मध्ये सुरू केलेल्या अनाथाश्रमांसाठी त्यांनी कोणाकडे पैसे मागितले नाहीत. १८९८ मध्ये मृत्यू येईपर्यंत दहा हजारांवर मुले त्यांच्या छत्राखाली वाढली. (दरवर्षी छापले जाणारे अहवाल हेही एक प्रकारचे मागणेच होते, हा टीकाकारांचा आक्षेप अगदीच टाकाऊ नाही.) पण म्युलर स्वतः हमीवाले नव्हते. देवाने वचन दिलेल्या गोष्टीवर ठेवायचा विश्वास वेगळा आणि अमुक आजारी बरा होईलच असा विश्वास वेगळा, असे ते मानत. पहिला प्रत्येकाकडून अपेक्षित, दुसरा देवाने दिला तरच मिळणारा. १८७० मध्ये त्यांची पत्नी मेरी वारली, तेव्हा अंत्यविधीचे प्रवचन त्यांनीच केले.

म्युलर यांचे चरित्र वाचून प्रेरणा घेतलेल्यांत पंडिता रमाबाई होत्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यांनी प्रार्थनेच्या भरवशावर वाढवले आणि दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली-बायकांना तिथे आसरा मिळाला. प्रार्थना फळत नाही म्हणजे काय, हे रमाबाईंना लहानपणापासून माहीत होते. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांच्या आईवडिलांनी शास्त्रात सांगितलेली व्रते, दाने, तीर्थयात्रा मनोभावे केल्या, आणि तरीही दोघे उपासमारीत गेले. हा अनुभव त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. मनोरमा ही त्यांची एकुलती एक मुलगी आणि कामातली वारस. ती १९२१ मध्ये, रमाबाईंच्या आधी वारली. रमाबाईंनी त्यासाठी कोणाच्या विश्वासाला बोल लावल्याचे दिसत नाही.

प्रश्न मोजून सोडवण्याचेही प्रयत्न झाले. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७२ मध्ये असा युक्तिवाद केला, की इंग्लंडभर चर्चमधून राजाच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना होते, तरी सुखवस्तू वर्गांत राजघराण्यातल्यांचेच आयुष्य सर्वांत कमी भरते. २००६ मध्ये अमेरिकेतल्या सहा इस्पितळांतील हृदयशस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रार्थना होईल की नाही हे निश्चित माहीत नसलेल्यांपैकी, ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्यांच्यातल्या ५२ टक्क्यांना आणि झाली नाही त्यांच्यातल्या ५१ टक्क्यांना गुंतागुंत झाली. प्रार्थना होत असल्याचे ज्यांना नक्की सांगितले होते, त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के निघाले. विनवणीला मान देणाऱ्या किंवा न देणाऱ्या देवाची अशी चाचणी घेता येते का, हा आक्षेप रास्तच आहे. मात्र ठरावीक विश्वासाला ठरावीक फळ मिळते असा दावा करणाऱ्यांना त्याची ढाल करता येत नाही. हमी म्हटली की ती तपासली जाणारच.

हमीवादाची गोम इथेच आहे. मनात संशय आहे की नाही हे माणूस सारखा चाचपत राहिला, की त्याचे लक्ष देवावरून उडून स्वतःच्या मनावर खिळते. येशूने तर विश्वासाचे माप सांगताना फोडणीत टाकतो त्या मोहरीचा दाणा पुढे केला, एवढा पुरे. याकोबाच्या पत्राने धिक्कारलेला संशयी माणूसही दुचित्ता आहे, दोन दगडांवर पाय ठेवून उभा असलेला. मुलासाठी रडणारा बाप तसा नाही.

या वचनांच्या चुकीच्या अर्थाची किंमत खरोखरच्या जिवांनी मोजली गेली आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात होबार्ट फ्रीमन हे बायबलचे माजी प्राध्यापक औषध घेणे म्हणजे अविश्वास असे शिकवत. त्यांच्या ‘फेथ असेंब्ली’ या मंडळीत उपचाराविना डझनावारी माणसे दगावली. त्यांत नवजात बाळे होती, बाळंतिणी होत्या. १९८४ मध्ये फ्रीमनही उपचार न घेताच वारले. मुख्य प्रवाहातल्या कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट चर्चना ही शिकवण मान्य नाही. त्यांच्याच मिशनांनी मिरज आणि वेल्लूरसारखी इस्पितळे उभारली.

घरातल्या आजाऱ्याला ‘तुझा विश्वास कमी पडतो’ असे म्हणण्याआधी याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय वाचावा. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असे तिथे सांगितले आहे. विश्वासाची प्रार्थना तिथे येणाऱ्यांनी करायची आहे. आजाऱ्याच्या विश्वासाची परीक्षा घ्यावी, असे त्या अध्यायात कुठेही लिहिलेले नाही.