बेळगावचे बंदर



बेळगावला समुद्र नाही. तरीही एके काळी या शहराला एक बंदर होते. ते म्हणजे वेंगुर्ले. १८८० च्या दशकाच्या अखेरीस येथे रेल्वे आली. तोपर्यंत मुंबई गाठण्याचा एक प्रमुख मार्ग म्हणजे घाट उतरून सावंतवाडीवरून वेंगुर्ल्यास जाणे व तेथे आगबोट पकडणे. याच वाटेने कापूस खाली जाई, मीठ आणि नारळ वर येत. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद होत.

‘आगबोट’ हा शब्दच पाहा. आग आपली, बोट इंग्रजांची. जोडशब्द मात्र अस्सल मराठी झाला.

मालाबरोबर विचारांचीही ये-जा होत असते. ‘बेळगाव समाचार’ हे पत्र १८६३ मध्ये निघाले, म्हणजे रेल्वेच्या सुमारे पाव शतक आधी. वृत्तपत्रास बाहेरची वार्ता लागते. तिच्या वाटा रेल्वेपूर्वीच रुळलेल्या होत्या.

युरोपात डॅन्यूब नदीवर हेच घडत होते. तेथील आगबोटी ऑस्ट्रियन कंपनीच्या. पण पारतंत्र्यातील बल्गेरियन व्यापारी, विद्यार्थी त्यांतूनच बाहेरच्या जगाशी जोडले गेले. १८७६ मध्ये कवी ख्रिस्तो बोतेव्ह व त्याचे साथीदार ‘राडेत्स्की’ या बोटीवर साध्या प्रवाशांच्या वेषात चढले, बोट ताब्यात घेतली आणि मायभूमीच्या काठावर उतरून लढले. बोट परक्यांची, प्रवास आपला!

आमचे पणजोबा याच वेंगुर्ल्याच्या वाटेने मुंबईस गेले होते. आजोबा सांगत : गाडीवान कानडी बोलणारा, खलाशी कोकणी, तिकीट देणारा गुजराती. तिघांशी त्यांच्या त्यांच्या बोलीत चार शब्द बोलल्यावाचून पणजोबांची मुंबई आली नाही. आणि त्यामुळे त्यांची मराठी तसूभरही उणी झाली नाही.

पुढे रेल्वे मुरगावला जाऊन मिळाली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेले, वेंगुर्ले मुंबई राज्यात राहिले. जुन्या वाटेवर राज्याची सीमा आली. त्या सीमेविषयीची आपली वेदना खरी आहे, माझीही आहे. परंतु एक कबुली द्यावीशी वाटते. मी जन्मभर मराठी शिकवली आणि कानडी मात्र बाजारापुरतीच शिकलो. पणजोबांना एका प्रवासात जे उमगले, ते मला सत्तरी उलटल्यावर उमगते आहे. या शाळेतील मुलांनी इतका उशीर करू नये.