शंकरपाळ्याच्या आकाराची पाटी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबई-अहमदाबाद महामार्गाने वैतरणा ओलांडून आलेले रसायनांचे टँकर चिल्हार फाट्याला बोईसरकडे वळतात आणि तारापूर एमआयडीसीत शिरतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना आणि मागे एक फलक असतो. त्यावर रसायनाचे नाव, शंकरपाळ्यासारखा टोकावर उभा केलेला चौकोन, आणीबाणीत फोन कुठे करायचा ते नंबर आणि बहुधा एक चार आकडी क्रमांकही असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनी हा फलक बंधनकारक केला. चौकोनाची बाजू निदान २५० मिलिमीटर हवी, कारण तो लांबून दिसायला हवा. दिसतो तो सगळ्यांनाच. वाचताना मात्र घोटाळे होतात.

पहिला घोटाळा आकड्याचा. चौकोनाच्या खालच्या कोपऱ्यातला आकडा जितका मोठा तितका धोका मोठा, असे धरले जाते. खरे तर तो आकडा धोक्याची जात सांगतो, प्रमाण नाही. ३ म्हणजे पेटणारे द्रव, ६ म्हणजे विषारी, ८ म्हणजे कातडी आणि धातू खाणारे. पेट्रोलचा वर्ग ३, गंधकाम्लाचा ८ आणि क्लोरीनचा अवघा २, कारण २ हा वायूंचा वर्ग आहे. पण सांडलेले ॲसिड निदान कुठवर गेले ते दिसते. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड असतो आणि गळती झाली की जमिनीलगत सरकत सखल वस्तीत जाऊन साचतो. चार आकडी क्रमांकाचाही गाडीशी किंवा परवान्याशी संबंध नसतो. तो संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला रसायनाचा क्रमांक असतो. १२०३ म्हणजे पेट्रोल आणि १०१७ म्हणजे क्लोरीन, मग टँकर बोईसरचा असो की ब्राझीलचा.

रंगाची चूक याहून महागात पडते. निळ्या चौकोनात ज्वाला असली की विझवायला पाणी चालेल, असे वाटणे साहजिक आहे. अर्थ नेमका उलटा आहे. पाणी लागताच पेटणारा वायू सोडणाऱ्या पदार्थांचा, म्हणजे वर्ग ४.३चा, हा रंग. आंबे पिकवायला चोरून वापरले जाणारे कॅल्शियम कार्बाइड याच वर्गातले. ओल लागली की त्यातून ॲसिटिलीन निघतो, वेल्डिंगच्या ज्योतीतला तोच वायू.

तारापूरचे अणुऊर्जा केंद्र १९६९पासून चालू असल्यामुळे या भागात पिवळी पाटी दिसली की किरणोत्साराची शंका येते. किरणोत्साराच्या पाटीवर तीन पात्यांचे काळे चिन्ह असते. पूर्ण पिवळ्या चौकोनात वर्तुळावर ज्वाला असेल, तर तो पदार्थ ऑक्सिडीकारक असतो. तो स्वतः पेटेलच असे नाही, पण दुसऱ्याच्या आगीला तेल घालतो. तीन पात्यांचे चिन्ह पाहणाऱ्याला धोका समजतोच असेही नाही. एखाद्याला तो पंखाच वाटेल. म्हणून २००७मध्ये मोठ्या किरणोत्सारी स्रोतांसाठी कवटी आणि पळणारा माणूस असलेले लाल त्रिकोणी चिन्ह आणले गेले. तरीही २०१०मध्ये दिल्लीच्या मायापुरीत कोबाल्ट-६० भंगारात फोडले गेले आणि त्यात एक जण दगावला.

ऑक्सिडीकारक म्हणजे काही दूरची वस्तू नव्हे. विहिरीत टाकायला ग्रामपंचायतीत येणारी ब्लीचिंग पावडर, जिला गावोगाव टीसीएल म्हणतात, ती याच वर्गातली. तिची पोती तेल किंवा रॉकेलशेजारी ठेवायची नसतात. ‘दोन औषधे एकत्र केली की संडास जास्त स्वच्छ होतो’ हा समज तर जीवघेणा आहे. या पावडरीत ॲसिड पडले की क्लोरीन निघतो. टँकरमधून नेताना ज्याला एवढे नियम लावले आहेत, तोच वायू मोरीत तयार होतो.

बाटल्यांवरची लाल चौकटीतली चिन्हे वेगळ्या पद्धतीची आहेत. त्यांत कवटी नाही म्हणजे विष नाही, असे समजू नये. कवटी फक्त तातडीने मारणाऱ्या विषासाठी असते. छातीवर तारा फुटल्यासारखी मानवाकृती कर्करोगासारख्या सावकाश उमटणाऱ्या परिणामांची सूचना देते, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते.

कीटकनाशकांवरचा हिरवा त्रिकोण सर्वाधिक फसवतो. शाकाहारी पदार्थावरच्या हिरव्या ठिपक्याची सवय झालेला डोळा त्याला ‘निर्धोक’ किंवा ‘सेंद्रिय’ समजतो. १९७१च्या कीटकनाशक नियमांत लाल, पिवळा, निळा आणि हिरवा ही विषारीपणाची उतरंड आहे. प्रयोगातले निम्मे प्राणी मरण्यासाठी पोटातून दर किलो वजनामागे ५० मिलिग्रॅमपर्यंत मात्रा पुरत असेल तर लाल, ५०० पर्यंत पिवळा, ५,००० पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा. म्हणजे इथे रंग खरोखरच प्रमाण सांगतो, टँकरवर सांगत नाही. हिरव्यावरही ‘सावधान’ अर्थाचा शब्द असतोच. यवतमाळात २०१७मध्ये फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारताना विष त्वचेतून आणि श्वासातूनही शरीरात जाते, आणि बाटलीवरचा रंग पाहून हातमोजे ठरवणाऱ्याला ते कळत नाही.

राहिले रिकामे पिंप. पेट्रोलसारख्या द्रवाचे पिंप भरलेल्यापेक्षा रिकामे असताना अधिक लवकर भडकू शकते, कारण तळाशी उरलेल्या थेंबांची वाफ आतल्या हवेत मिसळलेली असते. असे पिंप कापायला वेल्डिंग लावले की स्फोट होतो. पाण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या जुन्या निळ्या प्लॅस्टिक पिंपांचे लेबल बहुधा खरवडलेले असते, त्यामुळे आत काय होते ते कळायला मार्ग उरत नाही. साबणाने धुऊन वास गेला, तरी प्लॅस्टिकच्या भिंतीत मुरलेली सेंद्रिय रसायने हळूहळू पाण्यात उतरत राहू शकतात.