पिलाचे दांत आणि त्याचीं खेळणीं

कुत्र्याचें पिलूं घरीं यावयाचें ठरलें, कीं मुलांचा उत्साह पोटांत मावेनासा होतो. त्याचें नांव काय ठेवावें, तें निजेल कोठें, यांविषयीं वाद सुरू होतात, आणि लवकरच बाजारांतून एखादें रंगीत, चूं-चूं वाजणारें खेळणें येऊन पडतें. तें निवडलेलें असतें मात्र आपल्या डोळ्यांनीं. वास्तविक पिलाचें खेळणें घ्यावयाचें, तें ज्या तोंडांत जाणार त्यांत दांत कोणते आहेत आणि त्यांच्या मागें घसा केवढा आहे, हें पाहून.

पिलूं जन्मास येतें तेव्हां त्याचें तोंड बोळकें असतें. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून त्यांत दुधाचे दांत फुटूं लागतात. हे दांत एकंदर २८ असून सुईसारखे अणकुचीदार असतात. पिलूं तीन-चार महिन्यांचें झालें, कीं ते पडूं लागतात व त्यांच्या जागीं कायमचे दांत येतात. सहा-सात महिन्यांचें होईतों हा खटाटोप संपतो आणि तोंडांत ४२ दांत होतात. माणसाची जर बत्तिशी, तर कुत्र्याची बेचाळिशी म्हणावयास हरकत नाहीं. या काळांत हिरड्या सारख्या शिवशिवत असल्यामुळें पिलाला कांहींतरी चावल्यावांचून चैन पडत नाहीं. शिवाय त्याला हात नाहींत. नवी वस्तु कठीण कीं मऊ, खाण्याची कीं नाहीं, हें तें तोंडानेंच पाहतें. तेव्हां त्यानें दप्तराचा पट्टा कुरतडला किंवा टेबलाच्या पायास दांत लावले, तर तें दुष्टपणानें नव्हे. या दांतांना हक्काचें काम देणें, हेंच खेळण्याचें खरें प्रयोजन होय.

हें काम कठीण वस्तूनें चांगलें होईल असा पुष्कळांचा समज असतो. कुत्रा आणि हाड यांची जोडी आपल्या मनांत इतकी पक्की बसली आहे, कीं पिलूं आलें म्हणजे कोणी तरी शेजारी मोठ्या प्रेमानें जेवणांतील उरलेलें हाड आणून देतो. परंतु शिजलेलें हाड ठिसूळ होऊन त्याच्या अणीदार चिरफळ्या निघतात, व त्या घशांत किंवा आंतड्यांत रुततात. दुकानांत मिळणारीं शिंगें व खूर सहसा फुटत नाहींत. मग फुटतो तो दांत. वरच्या जबड्यांत मांस कापण्याची जी मोठी दाढ असते, तिचा बाहेरील कपचा अशा वस्तु चावतांना निघून येतो आणि आंतील नाजूक गाभा उघडा पडतो. कुत्रें आपलें दुखणें बोलून दाखवीत नाहीं. पुष्कळदां तें नुसतें एका बाजूनें चावूं लागतें. सावंतवाडीचीं रंगविलेलीं लांकडी फळें फार सुंदर असतात, पण तीं काचेच्या कपाटांतच राहूं द्यावीं. लांकडाच्या चिपा निघतात आणि रंग पोटांत जातो. परीक्षा सोपी आहे. खेळण्यावर आंगठ्याचें नख दाबून पाहावें. नखाची खूण उमटली, तर तें पिलाच्या दांतांस सोसेल.

या परीक्षेस उतरणारी उत्तम वस्तु म्हणजे जाड, लवचीक रबर. अमेरिकेंतील कोलोराडो राज्यांत जो मार्कहॅम या गृहस्थाजवळ फ्रिट्झ नांवाचा जर्मन शेफर्ड जातीचा कुत्रा होता. त्याला दगड चावण्याची खोड असल्यामुळें त्याचे दांत झिजत चालले होते. धनी आपली फोक्सवॅगन गाडी दुरुस्त करीत असतां तिच्यांतील रबराचा एक भाग कुत्र्याच्या हातीं, किंवा तोंडीं म्हणूं या, लागला, आणि तो दगड विसरून त्यांतच रमला. त्यावरून १९७६ सालीं मार्कहॅम यांनीं कॉंग या नांवानें पोकळ रबरी खेळणीं करण्याचा धंदा सुरू केला. अशा खेळण्याच्या पोकळींत दहींभात किंवा उकडलेल्या रताळ्याचा गर भरून द्यावा. तें चाटून काढण्यांत पिलूं बराच वेळ गुंतून राहतें. द्राक्षें, बेदाणे, कांदा व चॉकोलेट हीं मात्र कुत्र्यास विषारी आहेत.

कठीणपणाइतकेंच महत्त्व आकारास आहे. चेंडू सुळ्यांच्या मागें सरकेल एवढा लहान असतां कामा नये. लाळेनें निसटून तो घशांत बसला, तर कांहीं मिनिटांत श्वास कोंडतो. दोन महिन्यांच्या पिलास योग्य असलेला चेंडू तेंच पिलूं सहा महिन्यांचें झाल्यावर धोक्याचा होतो, हें कित्येकांच्या ध्यानांत येत नाहीं. वाजणाऱ्या खेळण्यांतील पिपाणी, बाहुल्यांचे मण्यांचे डोळे, बटनाएवढे विजेचे सेल, हींहि सहज पोटांत जातात. पण सर्वांत फसवा असतो तो दोरा. सुतळी किंवा लोंबते धागे पिलानें गिळले, कीं एक टोंक जिभेच्या बुडाशीं किंवा जठरांत अडकतें आणि आंतडें उरलेला दोरा पुढें ओढीत राहतें. लेंग्याची नाडी ओढली म्हणजे कापडाच्या जशा चुण्या पडतात, तशा आंतड्याच्या पडतात, आणि ताणलेला दोरा त्यास आंतून कापीत जातो. खेळणें फाडल्यानंतर पिलूं ओकूं लागलें, अन्न सोडून मरगळून बसलें, तर उद्यांवर न टाकतां त्यास जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावें. तोंडांतून किंवा गुदद्वारांतून दोरा लोंबत असेल, तर तो ओढूं नये.

खेळणें घरींच करावयाचें असल्यास जुना पंचा भिजवून, घट्ट पीळ देऊन, थोडा वेळ बर्फांत ठेवावा. त्याच्या गारव्यानें हिरड्या निवतात. आपण समोर बसून तो चावूं द्यावा आणि धागे सुटूं लागतांच काढून घ्यावा. जुनी चप्पल मात्र देऊं नये. जुनी आपली आणि नवी वडिलांची, हा भेद पिलास कसा कळावा?

रंगाविषयींहि थोडें सांगणें अवश्य आहे. कुत्र्यास निळा व पिवळा हे रंग चांगले ओळखतां येतात, पण तांबडा व हिरवा यांतील भेद कळत नाहीं. १९८९ सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं हें प्रयोगानें दाखविलें. हिरवळीवर पडलेला तांबडा चेंडू आपणांस लख्ख दिसतो. पिलूं बिचारें वासावर शोधीत फिरतें.

आतां सर्वांत वाईट खेळण्याविषयीं. तें म्हणजे आपला हात. बोटें नाचवून पिलास चिडविणें हा मुलांचा आवडता खेळ असतो, आणि हात ही चावण्याचीच वस्तु आहे हा धडा पिलूं त्यांतून शिकतें. पिलानें हात धरल्यास आरडाओरड न करतां हात स्थिर ठेवावा आणि त्याच्या तोंडापुढें त्याचें खेळणें धरावें. यांत हयगय चालत नाहीं. पिसाळण्याच्या रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं, म्हणजे माणूस वांचणें जवळजवळ अशक्य. वेळींच लस टोंचून घेतली तर मात्र तो टळतो. पिलास त्या रोगाची पहिली लस साधारणतः तीन महिन्यांच्या सुमारास देतात, म्हणजे दांत सुईसारखे असतात त्या दिवसांत बहुधा ती टोंचलेली नसते. म्हणून खेळतां खेळतां दांत लागून रक्त आलें, किंवा नुसता ओरखडा उठला, तरी ती जागा साबण लावून वाहत्या पाण्याखालीं १५ मिनिटें धुवावी, हळद, चुना, तिखट कांहींहि लावूं नये, आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जावें. मुलें असे ओरखडे लपवितात. आपणांस मार बसेल यापेक्षां पिलूं घालवून देतील, याचें त्यांस अधिक भय असतें. पिलूं घरीं आणण्यापूर्वींच आईबापांनीं त्यांस या बाबतींत अभय द्यावें.