निळ्या कोटातला ससा आणि चित्रावरचा हक्क



आज एका सशाची ओळख करून देते. नाव त्याचं पीटर. अंगात निळा कोट, आणि आईनं बजावूनही शेजारच्या भाजीच्या मळ्यात घुसण्याची खोड. रेनकोट घालून मासे धरायला जाणारा बेडूक आणि सगळ्यांचे कपडे धुऊन देणारी काटेरी परटीण हे त्याचे सोबती. इंग्लंडच्या बिएट्रिक्स पॉटर या बाईंनी ही सगळी मंडळी कागदावर आणली.

बिएट्रिक्सबाई १८६६ साली लंडनमध्ये जन्मल्या. त्या शाळेत गेल्या नाहीत, घरीच शिकल्या. भावाबरोबर ससे, उंदीर, बेडूक पाळायचे आणि ते बघून चित्रं काढायची, हा त्यांचा नाद. म्हणून तर कोट चढवला तरी त्यांचा ससा अगदी सशासारखाच बसतो. कल्पनेचं चित्र खरं वाटायला आधी डोळ्यांनी नीट बघावं लागतं.

१८९३ मध्ये त्यांच्या जुन्या शिक्षिकेचा लहान मुलगा आजारी होता. त्याला करमावं म्हणून बाईंनी पत्रातच चित्रं काढून पीटरची गोष्ट लिहिली. पुढे त्याचं पुस्तक करायचं ठरलं, तर प्रकाशकांनी नकार दिला. मग डिसेंबर १९०१ मध्ये बाईंनी स्वतःच्या पैशानं २५० प्रती छापून घेतल्या. त्या बघता बघता संपल्या. १९०२ मध्ये फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशनानं तेच पुस्तक रंगीत काढलं.

१९०३ मध्ये बाईंनी सशाची बाहुली स्वतः शिवली आणि तिचं पेटंट घेतलं. पण अमेरिकेत पुस्तकाच्या हक्काची नोंद राहून गेली होती. तिथे दुसऱ्यांनीच पुस्तकं छापून विकली, आणि त्यातला पैसा बाईंना मिळाला नाही.

आता आपल्याकडे या. गोधडीवर, पिशवीवर आपली एखादी ताई मनानं मोर काढते. कुणी फोटो काढून नेतं आणि पुढच्या जत्रेत तोच मोर दुसऱ्याच्या दुकानात दिसतो. आपणही हिशेबात कापड धरतो, शिलाई धरतो, चित्राचे पैसे मात्र धरत नाही.

आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. स्वतःच्या मनानं काढलेल्या चित्रावर ते काढताक्षणी काढणारीचा हक्क होतो. तिच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं तो टिकतो. नोंदणी सक्तीची नाही, पण पुरावा म्हणून उपयोगी पडते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली नक्षी मात्र कुणा एकीची होत नाही. आणि एकच नमुना मशीनवर ५० हून जास्त वस्तूंवर काढायचा असेल, तर विक्रीला आणण्याआधी डिझाइन कायद्याखाली नोंदणी करावी. नाहीतर हा हक्क जातो.

म्हणून एवढं करा. चित्राखाली नाव आणि तारीख घाला. मूळ कागद जपून ठेवा. कोणतं चित्र कुणाचं, ते गटाच्या ठराव वहीत लिहा. मोठी ऑर्डर घेताना चित्र किती नगांसाठी आणि किती दिवसांसाठी वापरायला दिलं, ते लिहून सही घ्या.

पुस्तकांच्या कमाईतून आणि मावशीकडून वारशानं मिळालेल्या पैशातून बिएट्रिक्सबाईंनी १९०५ मध्ये शेत घेतलं. पुढे त्या मेंढ्याही पाळू लागल्या. १९४३ मध्ये त्या गेल्या तेव्हा ४,००० एकरांहून जास्त जमीन मागे ठेवून गेल्या, सगळ्यांसाठी जपायला. येत्या बैठकीत हिशेबाच्या वहीत चित्राचा एक रकाना आखा बरं का!