खेळातील पाणी आणि सांडवा

मुलांच्या खेळांकडे शिक्षकाने कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न आजचा नाही. विटीदांडू आणि गोट्या यांच्या काळीही तो होताच. आता खेळ अंगणातून उठून मोबाइलच्या पडद्यावर गेला आहे, आणि त्याविषयी शिक्षकवर्गात बहुधा दोनच पक्ष आढळतात. एक सरसकट निषेधाचा व दुसरा सरसकट दुर्लक्षाचा. आम्ही स्वतः बरीच वर्षे पहिल्या पक्षात होतो. तेथून आम्हांस थोडेसे हलविले ते एका लहानशा प्रसंगाने.

आमच्या शाळेतील सातवीचा एक विद्यार्थी चार दिवस आला नाही, म्हणून आम्ही त्याच्या घरी गेलो. ताप उतरला होता आणि स्वारी वडिलांचा मोबाइल घेऊन अंथरुणावर बसली होती. आम्हांस पाहून तो प्रथम ओशाळला. पण आम्ही रागावलो नाही असे दिसताच त्याने पडदा आमच्यापुढे धरला. दोन टेकड्यांमधील घळ त्याने मातीने बुजविली होती आणि मागे निळे पाणी साठविले होते. "सर, हे माझं धरण!" असे तो मोठ्या अभिमानाने म्हणाला. आम्ही म्हटले, "धरण सुरेख आहे, पण याचा सांडवा कुठे आहे?" त्यावर त्याने विचारले, "सांडवा म्हणजे काय, सर?" ओसरीवरून त्याचे आजोबा म्हणाले, "मत्तडी रे, मत्तडी विचारतात सर!" परंतु त्यानेही उलगडा झाला नाही. आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात मत्तडीवागु नावाचा प्रकल्प आहे, म्हणून 'मत्तडी' हे त्या मुलास नाव म्हणून ठाऊक होते. ती वस्तू कोणती, हे ठाऊक नव्हते. घरची मराठी आणि बाजारातली तेलुगू, दोन्ही भाषांनी दिलेला शब्द त्याच्या हातून निसटला होता. प्रस्तुत लेख त्या निसटलेल्या शब्दासंबंधी आहे.

प्रथम हा खेळ काय आहे, हे न खेळलेल्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. त्याचे नाव माइनक्राफ्ट. स्वीडनमधील मोयांग या संस्थेने तो २०११ साली पूर्ण रूपात प्रसिद्ध केला आणि २०२३ पर्यंत त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. यात जिंकण्याहरण्याचा आग्रह नाही. खेळणाऱ्यापुढे डोंगर, दऱ्या, अरण्ये आणि समुद्र यांनी भरलेले एक जग मांडलेले असते. ते सारे घनाकृती तुकड्यांचे बनलेले असून प्रत्येक घनाची बाजू एक मीटर मानलेली आहे. माती, दगड, वाळू यांचा कोणताही घन उपटावा आणि हवा तेथे ठेवावा. डोंगर सपाट करावा, सपाटीवर डोंगर रचावा. पाणी व तप्त लाव्हारस हे दोन द्रव बादलीने उचलता येतात आणि इच्छेस येईल तेथे ओतता येतात.

या द्रवांना खेळाच्या कर्त्यांनी काही नियम घालून दिले आहेत, आणि ते शिक्षकाने समजून घेण्यासारखे आहेत. सपाट जागी ओतलेले पाणी उगमापासून सात घनांपर्यंत पसरते व पुढे थांबते. जवळपास खळगा किंवा उतार असेल तर ते इतर दिशा सोडून तिकडेच धाव घेते. ते खाली कोसळले की पायथ्यापासून पुन्हा सात घन चालते. लाव्हारसाची गती मंद असून सामान्य भूमीवर त्याची धाव तीन घनांची आहे. पाणी लाव्हाच्या उगमास भिडले तर काळा काचखडक तयार होतो. वाहत्या लाव्हास भिडले तर साधा दगड. नांगरलेल्या जमिनीपासून चार घनांच्या आत पाणी असले की ती ओली राहते. उतार पाहून पाट काढावा, पाटाच्या दोन्ही अंगांस वाफे पाडावेत, हे मूल येथे कोणी न शिकविता शिकते. 'पाणी उताराकडे जाते' हे वाक्य फळ्यावर शंभर वेळा लिहून जे साधत नाही ते या खेळात एका दुपारी साधते, हे आम्ही मोकळेपणी मान्य करतो.

मोठ्या माणसांनीही याचा उपयोग केला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी वसाहतींसंबंधीच्या संस्थेने २०१२ साली मोयांगच्या सहकार्याने एक उपक्रम आरंभिला. आपल्या वस्तीतील मैदान किंवा उद्यान कसे असावे, हे तेथील रहिवाशांनी याच खेळात रचून दाखवावे, अशी त्याची कल्पना होती. नैरोबीतील किबेरा या दाट वस्तीत त्याचे आरंभीचे काम झाले. नकाशा वाचता न येणारा मनुष्यही आपल्या मनातील भूमी हाताने रचून दाखवू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले.

तथापि कोणतीही प्रतिकृती जे दाखविते त्याहून जे गाळते त्यानेच अधिक फसविते. या खेळातील पाण्यात खऱ्या पाण्याचे चार धर्म नाहीत. आणि नेमके तेच चार धर्म आमच्या जिल्ह्याच्या शेतकऱ्यास जन्मभर पुरून उरतात.

पहिला धर्म वजनाचा. खेळातील एक बादली म्हणजे एक घनमीटर पाणी. खरे म्हणाल तर हजार लिटर, म्हणजे एक टन. खेळातील गडी ते सहज उचलतो, ही गंमत सोडून देऊ. परंतु त्या पाण्याचा दाबही तेथे नाही. एका घनाच्या जाडीची मातीची भिंत अख्खा समुद्र अडवून धरते. खऱ्या पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढत जातो. दहा मीटर खोलीवर दर चौरस मीटरास तो सुमारे दहा टन असतो. मातीच्या धरणाचा तळ एवढा रुंद आणि माथा अरुंद का, याचे उत्तर येथे आहे.

दुसरा धर्म झिजविण्याचा व मुरण्याचा. खेळातील पाणी मातीवरून वर्षानुवर्षे वाहिले तरी एक कण उचलत नाही आणि एक थेंब जिरत नाही. तेथे गाळ नाही, पाझर नाही, चिबड नाही. २०१५ पासून तेलंगणात 'मिशन काकतीय' या नावाने जुने तलाव उपसण्याचे काम झाले आणि तो गाळ शेतांत पसरला गेला. शेतातून गेलेली माती शेतात परत आली, हे त्या कामाचे मर्म खेळाच्या जगात कोणास समजावयाचे नाही.

तिसरा धर्म मालकीचा. खेळात दोन घनांची लांबी-रुंदी असलेला खड्डा खणून समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन बादल्या पाणी ओतले की ते अक्षय होते. कितीही उपसा, आटत नाही. जे आटत नाही त्यासाठी भांडण होत नाही. आमच्याकडे पैनगंगेच्या एका तीरावर तेलंगण व दुसऱ्या तीरावर महाराष्ट्र आहे. तिच्यावरील चनाखा-कोराटा बंधाऱ्यासाठी ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईस दोन राज्यांना करार करावा लागला. पाणी ओतण्यापूर्वी पलीकडच्या तीराला विचारावे लागते, हा धडा बादलीत नाही.

चौथा धर्म अतिरेकाचा, आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. खेळात पाऊस पडतो, विजा चमकतात. पण पावसाने तळ्याची पातळी बोटभरही चढत नाही. तेथे पूर येऊच शकत नाही. म्हणून धरणास सांडव्याची गरज नाही. त्या मुलाच्या धरणास सांडवा नव्हता, यात त्याची चूक नव्हती. त्याच्या जगात तो निरर्थकच होता.

आमच्या जगात त्याचा अर्थ काय, हे कडमच्या धरणाने सांगितले आहे. गोदावरीस मिळणाऱ्या कडम नदीवर, तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यात (२०१६ च्या विभागणीनंतर तो भाग निर्मल जिल्ह्यात गेला), हे धरण बांधले गेले. काही भाग दगडी, काही मातीचा. कमाल उंची सुमारे ३१ मीटर. पाण्याच्या कमाल पातळीवर माथा आणखी २.४ मीटर उंच ठेवलेला होता. ऑगस्ट १९५८ मध्ये पूर असा आला की, ते अंतर भरून काढून पाणी माथ्यावरून ४६ सेंटिमीटर वाहिले. वीतभर दोन वेळा मोजावी एवढेच ते पाणी! पण मातीच्या माथ्यावरून ओसंडलेले पाणी पलीकडच्या उतारावर वेगाने कोसळते, तेथे ओघळ पाडते, ओघळाची घळ होते, आणि घळ माथ्याकडे मागे मागे खात येते. डाव्या बाजूस सुमारे १३७ मीटर रुंदीचे खिंडार पडले. पुढे धरण पुन्हा उभे राहिले. आज त्यास १८ दरवाजे आहेत. तरीही जुलै २०२२ मध्ये सुमारे तीन लाख क्युसेक सोडण्याची क्षमता असलेल्या या धरणात पाच लाखांहून अधिक क्युसेक पाणी आले. १७ दरवाजे उघडले गेले, एक उघडला नाही; खालची गावे रिकामी करावी लागली. धरण टिकले. जुलै २०२३ मध्ये पाणी पुन्हा दरवाजांवरून वाहिले.

पुण्याने १२ जुलै १९६१ चे पानशेत विसरलेले नाही. त्याची कारणे निराळी होती, पण त्याची आठवण मराठीत जिवंत आहे. कडमची आठवण मात्र आमच्याच शाळांतील मुलांना नाही. याचे एक कारण असे की, ज्या शब्दावर ती आठवण अडकवावी तो शब्दच त्यांच्यापाशी उरलेला नाही. 'सांडणे' या आपल्या रोजच्या क्रियापदातून 'सांडवा' हा शब्द आला आहे. जास्त झालेले सांडू द्यावे, पण कोठे सांडावे हे आधी ठरवून ठेवावे, एवढे शहाणपण या तीन अक्षरांत आहे. तीच गोष्ट घळभरणीची, पाळीची, पाणलोटाची, निचऱ्याची, पाझराची. खेळात भूमी घडविण्याच्या साऱ्या आज्ञा इंग्रजीत असतात, आणि मूल त्या सहज उचलते. त्यात वाईट काही नाही. पण इंग्रजी शब्द त्यास पडदा देतो आणि मराठी शब्द शेत देतो. दोन्ही असावेत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

यासाठी आम्ही एक साधा प्रयोग केला. शाळेच्या मागील अंगणात सातवीच्या मुलांकडून मातीची हातभर उंच पाळ घालविली आणि मागे घागरी ओतविल्या. पाळीने पाणी अडविले. मुलांनी टाळ्या पिटल्या. आणखी दोन घागरी ओतताच पाणी माथ्यावरून निसटले आणि पाहता पाहता पाळ मधोमध कापली गेली. मुले काही क्षण अगदी गप्प होती. मग आम्ही दुसरी पाळ घालविली, एका टोकास माथ्याहून चार बोटे खाली दगडी फरशीची वाट ठेवविली, आणि पुन्हा पाणी ओतविले. पाणी त्या वाटेने गेले, पाळ राहिली. त्यानंतर 'सांडवा' या शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहावा लागला नाही. तो आजारी मुलगा आता बरा होऊन वर्गात होता. "मत्तडी म्हणजे हीच की!" असे तो म्हणाला, तेव्हा दोन भाषा त्याच्यापाशी एकदम परत आल्या.

आमच्या व्यवसायबंधूंस आमची विनंती एवढीच की, खेळावर बंदी घालण्यापूर्वी तो एकदा मुलाकडून समजून घ्यावा, आणि त्यात काय नाही ते मुलास दाखवावे. आपल्या गावी भूमीच्या आणि पाण्याच्या प्रत्येक रूपाला जो शब्द असेल, मग तो मराठी असो, तेलुगू असो वा गोंडी, तो घरच्या वडीलधाऱ्यांकडून विचारून आणण्यास मुलांस सांगावे व वर्गात त्याची वही ठेवावी. आमच्या वहीत आजवर बावन्न शब्द जमले आहेत. त्या मुलाने आपल्या खेळातील धरणास नंतर सांडवा केला. तेथे त्याची गरज नाही, हे त्यास ठाऊक आहे. तरी तो त्याने ठेवला आहे.