झेवियरच्या घरची वाट

मुंबईला धोबीतलावाजवळच्या झेवियर्स कॉलेजातल्या एखाद्या मुलाला विचारा, की बाबा रे, झेवियर म्हणजे काय? तो म्हणेल, संताचे नाव. बरोबर आहे, पण त्याच्याही आधी ते एका घराचे नाव आहे. स्पेनच्या उत्तरेला, पिरिनीज पर्वताच्या अलीकडे, नवार्रा नावाचा प्रांत आहे. तिथल्या बास्क भाषेत 'एचे बेरी' म्हणजे नवे घर. बोलता बोलता ते शब्द झिजले, त्यांचे 'हावियेर' झाले, आणि आपल्याकडे तेच झेवियर म्हणून आले. ह्या घरात, म्हणजे एका लहानशा गढीत, ७ एप्रिल १५०६ रोजी फ्रान्सिसचा जन्म झाला.

दर वर्षी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात ह्या गढीकडे पायी यात्रा निघते. तिला हावियेरादा म्हणतात. १८८५ साली त्या भागात पटकीची साथ आली होती. त्या वेळच्या नवसाप्रमाणे १८८६ मध्ये हजारो लोक इथे चालत आले. आज चालते ती प्रथा मात्र १९४० पासूनची, यादवी युद्ध संपल्यानंतरच्या वर्षातली. आरंभी ही तरुण पुरुषांची यात्रा होती. आता मुलीही तितक्याच उत्साहाने येतात. पांप्लोना शहरापासून अंतर सुमारे ५० किलोमीटर. पाठीवर पिशवी, हातात काठी, अशी विद्यार्थ्यांची टोळकी निघतात. मार्चमधली थंडी, त्यात पाऊस आला तर विचारूच नका! सांग्वेसा गावी सगळे जमतात आणि उरलेले आठ किलोमीटर क्रुसाच्या वाटेची प्रार्थना म्हणत चालतात. आपल्या वारीचा थाट निराळा. पण पायाला फोड आल्यावर अनोळखी माणसाने पुढे केलेले पाणी दोन्हीकडे सारखेच गोड लागत असेल.

आता आपण म्हणाल, एवढे चालून पाहायचे काय? खरे सांगायचे, तर आज दिसते त्यातले बरेचसे नंतर दुरुस्त केलेले आहे. स्पेनच्या राजाने १५१२ मध्ये नवार्राचे राज्य घेतले. फ्रान्सिसचे वडील त्या राज्याचे मोठे अधिकारी; ते १५१५ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी हुकूम आला आणि गढीचे बुरूज उतरवले गेले, तट पाडला, खंदक बुजवला. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता. थोरले भाऊ पुढे लढाईवर गेले, आई पडक्या घरात राहिली. देवघरात अक्रोडाच्या लाकडाचा क्रुसावरचा ख्रिस्त आहे. त्याच्या चेहऱ्यावर वेदना नाही, मंद हसू आहे. तो त्या पडझडीतून वाचला. यात्रेकरू त्याच्यापुढे बराच वेळ थांबतात, त्यात नवल नाही.

विद्यार्थ्यांनीच ही वाट आपली का मानावी, ह्यालाही कारण आहे. १५२५ साली फ्रान्सिस पॅरिसला शिकायला निघाला तो घरी परतलाच नाही. तिथे त्याच्या खोलीत इग्नेशियस लोयोला राहायला आले. गंमत अशी, की १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत इग्नेशियस स्पेनच्या बाजूने लढताना जखमी झाले होते, आणि फ्रान्सिसचे भाऊ विरुद्ध बाजूला होते! ह्या दोन विद्यार्थ्यांच्या मैत्रीतून, आणखी काही सोबत्यांसह, येशूसंघ उभा राहिला. झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यास उतरले. १५४४ मध्ये कोचीनहून लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात, की युरोपच्या विद्यापीठांतून वेड्यासारखे ओरडत फिरावे आणि नुसती विद्या मिळवून बसलेल्यांना जागे करावे असे मनात येते.

त्यांच्याविषयी सर्वांचे मत एक नाही, हेही सांगितले पाहिजे. गोव्यात इन्क्विझिशन आणावे असे त्यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला लिहिले होते. ते १५६० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आले, आणि त्याचा जाच गोव्याने फार सोसला. यात्रेतल्या विद्यार्थ्याला हे कुणी सांगतो की नाही, कोण जाणे. सांगावे, असे मला वाटते.

३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळ झेवियर वारले. देह जुन्या गोव्यात, बॉम जेझूच्या चर्चमध्ये आहे. २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत तो दर्शनासाठी खाली आणला होता. घर मात्र तिकडेच राहिले. गढीसमोरच्या मोकळ्या जागेत मिस्सा होते, पोरे बूट काढून गवतावर बसतात, डबे उघडतात. परतीचा प्रवास बहुतेक जण बसनेच करतात.